कळकणारं ताक आणि न कळकणारं दूध

आजचा विषय आहे तांबं आणि आपलं शरीर. सुरुवात मात्र आपण एका शब्दापासून करू. शब्द आहे 'कळकणे'.

इन्सुली, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यातल्या वयस्कर माणसांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ताक पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं. आमसुलाचं सार कल्हई गेलेल्या पातेल्यात ठेवलं की कळकतं. चव कडवट होते, वास धातूचा येतो, कडेला हिरवट झाक दिसते. मग सासू सुनेला सांगायची, "ताक पितळेत ठेव नको गो, कळकतला." हे कोणी पुस्तकातून शिकलं नव्हतं. जिभेने शिकवलं आणि घरोघरी पाळलं गेलं.

आज आपण बघणार आहोत ते असं, की हा नियम बरोबर होता, पण अपुरा होता. त्यात एक पदार्थ सुटला होता. तो पदार्थ म्हणजे दूध. त्या एका फटीतून लहान मुलांचा एक भयंकर आजार आत शिरला. तो कसा ओळखला गेला याचा बराच भाग आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात घडला. म्हणून ही गोष्ट आपली आहे, आणि ती विसरली जाते आहे म्हणून सांगायची आहे.

आधी भांड्यांकडे वळू. कोकणातल्या घरात तांबं म्हणजे पाणी. विहिरीवरची कळशी तांब्याची, माजघरातला हंडा तांब्याचा, न्हाणीत चुलीवर ठेवलेलं पाणी तापवायचं भाण तांब्याचं. स्वयंपाकाला मात्र पितळ. पितळ म्हणजे काय, तर तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात तांबंच जास्त. आणि जिथे अन्न शिजणार तिथे आतून कल्हई हवी.

कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कल्हईवाला गावात यायचा, जमिनीत खळगा करून भाता लावायचा. भांडं तापलं की आत नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथिलाचा तुकडा फिरवून कापसाने सगळीकडे पसरवायचा. नवसागर कशासाठी? धातूवर हवेने जो ऑक्साइडचा थर चढलेला असतो तो तो काढतो, म्हणून कथील धरून राहतं. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे गावातल्या कोळशावर हे काम सहज होतं. भांडं चांदीसारखं चमकायचं, आणि काही महिन्यांनी घासून घासून तो थर विरायचा. मग पुन्हा कल्हईवाल्याची वाट बघायची.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. चतुर्थीच्या आधी आपण तांब्याची भांडी कशाने घासतो? चिंचेने नाहीतर सोलांनी. आंबट लागलं की काळपट थर निघतो आणि तांबं लखलखतं. तो निघालेला थर कुठे जातो? त्या आंबट पाण्यात. म्हणजे भांडं उजळणं आणि ताक कळकणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आम्ल तांब्याला ओढून घेतं, एवढंच. एकदा ते पाणी आपण मोरीत ओततो, आणि दुसऱ्यांदा पोटात.

इथवर घरातलं शहाणपण पक्कं होतं. आंबट ठेवायचं नाही. पण ताजं दूध आंबट नसतं.

आता त्या आजाराकडे येऊ. १८८७ साली कलकत्त्यात सेन नावाच्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका रोगाचं वर्णन केलं. पुढे त्याला 'इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस' हे नाव पडलं. मराठीत आपण बालयकृताचा सिरॉसिस म्हणू. घरात लोक नुसतं "लिव्हर झालं" म्हणायचे. मूल साधारण एक ते तीन वर्षांचं. आधी किरकिर, भूक कमी, पोट थोडं पुढे. डॉक्टरांनी पोटाला हात लावला की यकृत दगडासारखं टणक लागायचं, त्याची कड धारदार. मग कावीळ, पोटात पाणी. कावीळ झाल्यावर बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. कधी कधी एकाच आईची दोन-तीन मुलं, एकामागोमाग एक.

त्या आईला काय काय ऐकावं लागलं असेल याचा विचार करा. दृष्ट लागली, दूध बाधलं, पायगुण वाईट, घराण्याचा दोष. आणि डॉक्टरांकडेही उत्तर नव्हतं. विषाणू असेल असं काहींना वाटलं. आनुवंशिक असेल असं काहींना वाटलं, कारण भावंडांना होत होतं. दाण्याच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन असेल असंही एक मत होतं. कोडं असं होतं, की हा रोग उपाशी घरांचा नव्हता. खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या, गाईम्हशीचं दूध मुलाला देऊ शकणाऱ्या ग्रामीण घरांतही तो भरपूर दिसायचा. गरिबीने समजावता येईल असा तो आजार नव्हता.

कोडं सुटायला सुरुवात झाली ती एका रंगापासून. ऑर्सीन नावाचा एक रंग आहे, ऊतींचे पातळ काप रंगवायला वापरतात. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या मंडळींनी या मुलांच्या यकृताचे काप ऑर्सीनने रंगवले, तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी कण दिसले. असे कण तांबं साठलेल्या यकृतात दिसतात. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, प्रत्यक्ष तांबं मोजलं गेलं. निरोगी यकृतात सुकलेल्या वजनाच्या दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबं असतं. या मुलांच्या यकृतात ते त्याच्या कितीतरी पट सापडलं. त्या मोजणीच्या लेखात लंडनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर पुण्याचे डॉ. आनंद पंडित यांचंही नाव आहे.

आता प्रश्न बदलला. एवढं तांबं आलं कुठून? एक शक्यता अशी, की मुलाचं यकृत तांबं बाहेर टाकू शकत नाही, म्हणजे दोष जन्मजात. दुसरी अशी, की तांबं बाहेरूनच बेसुमार येतंय. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पंडित आणि डॉ. शीला भावे हे रुग्ण बघत होते. त्यांनी आणि टॅनर यांनी मिळून जे विचारलं ते ऐकायला अगदी साधं आहे. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवलं? कशात ठेवलं?

१९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. त्यात म्हटलं होतं, की तांबं उतरलेलं वरचं दूध फार लवकर सुरू करणं हे या रोगाचं कारण असू शकतं. १९८७ साली आजारी मुलं आणि त्यांच्याच वयाची निरोगी मुलं यांच्या आहाराची जोडीजोडीने तुलना झाली. आजारी मुलांच्या घरी वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवण्या-ठेवण्याची सवय कितीतरी जास्त होती.

मग पुढचा प्रश्न. दूध तर कळकत नाही, मग त्यात तांबं उतरतं कसं? १९८९ साली टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे प्रयोगाने दाखवलं. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तांब्याला घट्ट धरतं. पितळेच्या भांड्यात दूध तापवलं, तसंच ठेवलं, पुन्हा तापवलं, की केसीन भांड्यातलं तांबं उचलत राहतं. आंबटपणाची गरजच नाही. ताकाने जिभेला इशारा दिला, दुधाने दिला नाही. म्हणून घरातला जो नियम मोठ्यांच्या ताकाला राखत होता, तो बाळाच्या दुधाला राखू शकला नाही.

आणि नेमकं बाळच का? आईच्या दुधात तांबं फार थोडं असतं, लिटरला अर्ध्या मिलीग्रॅमहूनही कमी. याचं कारण बाळ यकृतात तांब्याची शिदोरी घेऊनच जन्माला येतं. नवजात बाळाच्या यकृतात तांब्याचं प्रमाण मोठ्या माणसाच्या कितीतरी पट असतं. पहिले काही महिने ते त्यावर काढतं. शरीरातून जादा तांबं बाहेर पडतं ते मुख्यतः पित्तावाटे, आणि ही वाट बाळामध्ये अजून पुरती तयार नसते. म्हणजे कोठार आधीच भरलेलं, मागचं दार अर्धवट उघडं, आणि पुढून आपण दिवसातून पाच वेळा लाडाने आणखी ओततो आहोत.

लाडाने, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. ज्या आजीने नातवासाठी वेगळं पितळेचं पातेलं राखेने घासून लख्ख ठेवलं, तिने हयगय केलेली नव्हती. उलट जास्त काळजी घेतली होती. या गोष्टीत दोषी शोधायला निघालात तर कोणी सापडत नाही.

आता कोणी म्हणेल, पितळ तर घरोघरी होतं, मग प्रत्येक मूल का आजारी पडलं नाही? अगदी योग्य शंका. त्या वेळच्या डॉक्टरांनीही ती काढली. तिचं उत्तर शोधायला थोडं दूर, युरोपात आल्प्सच्या डोंगरात जावं लागेल. ऑस्ट्रियातल्या तिरोल भागात खेड्यांत असाच बालयकृताचा रोग होता. १९०० ते १९७४ या काळात तिथे १३८ लहान मुलांची नोंद सापडली. तिथे गाईचं दूध साखर घालून कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळत. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं. त्या अभ्यासकांचं म्हणणं असं, की दोन गोष्टी जुळाव्या लागतात. काही घराण्यांत तांबं हाताळण्याची जन्मजात कमजोरी असते, आणि वरून भांड्यातलं तांबं येतं. एकट्या कमजोरीने रोग होत नाही. यातून भावंडांचं कोडंही सुटतं. घराणं एक आणि पातेलंही एक.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९९८ साली चिली देशातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाळांना पहिल्या वर्षात लिटरला २ मिलीग्रॅम तांबं असलेलं पाणी दिलं होतं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा. त्यांच्या यकृताला इजा आढळली नाही. म्हणजे तांब्याला घाबरून पळायचं कारण नाही. सगळा प्रश्न किती, केव्हा आणि कशातून याचा आहे.

उपचारही झाले. पेनिसिलामाइन नावाचं औषध शरीरातलं तांबं बांधून लघवीतून बाहेर काढतं. पुण्याच्याच गटाने ते या मुलांना दिलं. लवकर दिलं तर काही मुलं वाचली, आणि ती पुढे बरी राहिली हे १९९६ सालच्या लेखात नोंदलेलं आहे. पण खरा फरक पडला तो स्वयंपाकघरात. स्टेनलेस स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं, पितळ माळ्यावर गेलं. १९९० च्या दशकापर्यंत हा रोग दिसेनासा होत गेला.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहायला हवं. त्याच काळात दवाखाने वाढले, आहार बदलला, दुधाच्या पिशव्या आल्या. रोग गेला तो नुसत्या डॉक्टरांच्या सल्ल्याने गेला असं म्हणता येत नाही. पुष्कळ घरांनी स्टील घेतलं ते घासायला सोपं आणि कल्हईचा खर्च नाही म्हणून. बाळ वाचलं हे त्या घराला कधी कळलंही नाही. आणि जे कळलं नाही ते लक्षातही राहत नाही. हीच या इतिहासातली अडचण आहे.

आता भांड्यातून पेशीत उतरू. विष म्हणून आपण तांब्याकडे इतका वेळ पाहिलं, पण त्याच्याशिवाय आपण जगूही शकत नाही. १९२८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की नुसत्या दुधावर वाढवलेल्या उंदरांना रक्तक्षय होतो, तो एकट्या लोहाने भरून निघत नाही, थोडं तांबं लागतं. मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात तांबं असतं ७० ते १०० मिलीग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. पण ते नसेल तर पेशी श्वासातल्या प्राणवायूचा वापर करू शकत नाही, रक्तवाहिन्यांची भिंत मजबूत होत नाही, केसांना रंग येत नाही.

दोन आजार ही गोष्ट दोन टोकांनी दाखवतात. १९१२ साली किनियर विल्सन यांनी वर्णन केलेल्या विल्सनच्या आजारात यकृत तांबं पित्तात टाकू शकत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठतं. १९६२ साली जॉन मेंकीस यांनी वर्णन केलेल्या आजारात उलटं होतं. आतड्यातून तांबं शरीरात शिरतच नाही आणि बाळाचे केस तारेसारखे होतात. तांब्याच्या कमतरतेने मेंढ्यांची लोकर बिघडते हे ऑस्ट्रेलियात माहीत होतं. त्यावरूनच डेव्हिड डँक्स यांनी १९७२ मध्ये ओळखलं, की या बाळांना तांबं मिळत नाहीये. १९९३ साली दोन्ही आजारांची जनुकं सापडली, आणि ती सख्ख्या बहिणींसारखी निघाली. दोन्ही तांबं वाहून नेणारे पंप घडवतात.

पेशी तांब्याला किती जपून वागवते पाहा. १९९९ साली यीस्टच्या पेशींवर केलेल्या कामातून दिसलं, की एका पेशीत मोकळा फिरणारा तांब्याचा अणू सरासरी एकही नसतो. प्रत्येक अणूबरोबर एक राखणदार प्रथिन असतं, ते त्याला हाताला धरून ठरलेल्या जागी नेऊन पोचवतं. आपण भांड्याला आतून कल्हई लावली. पेशीची स्वतःची व्यवस्था त्याच कामाची आहे. धातूला अन्नाशी थेट भिडू द्यायचं नाही.

बरीच वर्षं समज असा होता, की तांबं म्हणजे यंत्रात घट्ट बसवलेला सुटा भाग. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र बदललं. तांबं निरोपही नेतं. पेशीला बाहेरून "वाढ" असा निरोप आला, की आत तो एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. या साखळीत मेक नावाचं प्रथिन आहे. त्याला तांबं मिळालं तरच ते पुढच्या प्रथिनाला निरोप नीट देतं. २०१४ साली दाखवलं गेलं, की अशाच साखळीवर पोसलेल्या काही कर्करोगांना तांबं कमी पडलं की उंदरांमध्ये त्यांची वाढ मंदावते. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या क्रिस्टोफर चँग यांच्या गटाने चरबीच्या पेशींबद्दल असंच काही दाखवलं. चरबी जाळण्याचा निरोप पुसून टाकणारं एक विकर असतं, तांबं त्याला आवरतं, त्यामुळे निरोप टिकतो. आणि २०२२ मध्ये कळलं, की तांबं फार झालं तर ते पेशीतल्या ऊर्जाघरातल्या काही प्रथिनांना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात, आणि पेशी एका वेगळ्याच पद्धतीने मरते.

यातलं बरंचसं काम पेशींवर आणि उंदरांवर झालेलं आहे. त्यावरून "तांब्याचं पाणी प्या, चरबी जळेल" असं कोणी विकत असेल तर ते या संशोधनात नाही. निरोप्याचं काम असं, की त्याने वेळेवर यावं आणि निरोप देऊन जावं. दारात शंभर निरोपे उभे राहिले तर एकही निरोप ऐकू येत नाही.

शेवटी आजच्या काळाकडे. तांबं परत आलंय. महामार्गावरच्या दुकानांत तांब्याच्या बाटल्या टांगलेल्या दिसतात, लग्नात आहेर म्हणून जग मिळतो. पाण्यासाठी त्याला आधार आहे. २०१२ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत राहतं. आपला हंडा त्या अर्थाने शहाणाच होता. पण हंड्यात फक्त पाणी असायचं. आजच्या बाटलीत लोक लिंबूसरबत भरतात, कोकम भरतात, ताक भरतात. बाटलीला आतून कल्हई नाही. गावात कल्हईवालाही नाही, आणि "कळकतला" म्हणून हटकणारी सासूही आता कमी.

म्हणून तीन साध्या गोष्टी. तांब्या-पितळेत आंबट काही ठेवू नका. बाळाचं दूध, मग ते गाईचं असो, डब्याच्या पावडरीचं असो, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत तापवू नका, ठेवू नका, आणि त्यासाठी तांब्याच्या बाटलीतलं पाणीही घेऊ नका. आणि घराण्यात विल्सनचा आजार असेल तर तांब्याच्या भांड्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

जुनं ते सगळं सोनं नव्हतं आणि सगळं भंगारही नव्हतं. आपल्या घरांना ताकाचं कळत होतं, दुधाचं कळलं नव्हतं. ते कळून घ्यायला किती मुलं गेली याचा हिशेब कुठल्याच चोपडीत नाही. निदान त्यांच्या जाण्यातून जे समजलं ते तरी पातेल्याबरोबर माळ्यावर टाकू नये, एवढंच सांगायचं होतं.